जनगणनेच्या वहीतली आई

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका शेतकरी बाईचे आयुष्य तिच्या मुलीने जगप्रसिद्ध केले. पण मुलीने जे लिहिले नाही, ते सरकारी वह्या, खरेदीखते आणि दफनभूमीतील दगड सांगतात. त्या कागदांच्या मागोमाग पाच राज्यांतून होणारा हा प्रवास.

साउथ डाकोटा राज्यातील डी स्मेट हे जेमतेम हजार-अकराशे वस्तीचे गाव. नजर पोहोचेल तिथवर सपाट माळ, मधूनच एखादी तळी आणि अष्टौप्रहर वाहणारा वारा. गावाबाहेरच्या दफनभूमीत इंगल्स कुटुंबातील माणसे चिरविश्रांती घेत आहेत : वडील चार्ल्स, आई कॅरोलाईन, मुली मेरी, कॅरी आणि ग्रेस. जवळच एक इवलेसे थडगे आहे. ते नाव ठेवण्याआधीच गेलेल्या नातवाचे. दर उन्हाळ्यात दूरदूरचे पर्यटक या दगडांपाशी येऊन उभे राहतात. गंमत म्हणजे ज्या मुलीमुळे ते येतात ती इथे नाहीच. लॉरा इंगल्स वाइल्डर १९५७ साली मिसुरी राज्यातील मॅन्सफिल्ड येथे वारली आणि तिथेच तिचे दफन झाले.

लॉराने वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. १९३२ सालच्या ‘लिटल हाउस इन द बिग वूड्स’पासून सुरू झालेली ही मालिका अमेरिकेतील घराघरांत पोहोचली. १९७४ ते १९८३ या काळात तिच्यावर दूरदर्शन मालिकाही निघाली. या पुस्तकांतली आई शांत, नीटनेटकी आणि कधी आवाज न चढवणारी आहे. कुठल्याही झोपडीत गेली तरी चिनी मातीची छोटी बाहुली फळीवर मांडून त्या जागेचे घर करणारी. पण ही बाई होती कोण? कुठून आली? तिने काय गमावले? याची उत्तरे शोधायची तर पुस्तके मिटून दप्तरे उघडावी लागतात.

नाव नव्हे, नुसता आकडा

कॅरोलाईन लेक क्वाइनर हिचा जन्म १२ डिसेंबर १८३९ रोजी विस्कॉन्सिनमधील ब्रुकफिल्ड येथे झाला. विस्कॉन्सिन तेव्हा राज्यही नव्हते, नुसता प्रदेश होता. पुढच्याच वर्षी देशाची जनगणना झाली. पण १८४० च्या वहीत कॅरोलाईनचे नाव शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्या काळी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकीच्यांची वयाप्रमाणे रकान्यांत नुसती संख्या टाकत. सहा महिन्यांच्या मुलीची जागा ‘पाच वर्षांखालील गोऱ्या स्त्रिया’ या रकान्यातला एक आकडा, एवढीच!

घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० पासून सुरू झाली. कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हे विचारायला तर १८८० उजाडावे लागले. म्हणूनच वंशावळ शोधणारे सांगतात, की बापाचा माग काढणे सोपे, आईचा अवघड. जुन्या कागदांत बाई आधी अमक्याची मुलगी असते, मग तमक्याची बायको होते आणि आडनाव बदलले की तिचा धागा तुटतो.

चार्ल्स इंगल्सच्या घराण्याचे पाहा. त्याचा मूळपुरुष एडमंड इंगल्स १६२९ साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरला. त्या कुळाचा छापील इतिहास १९०३ मध्येच निघाला. चार्ल्सची आजी डेलानो घराण्यातली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांच्याशी दूरचे नाते लागते ते तिच्याकडून. कॅरोलाईनच्या माहेरची जंत्री मात्र तुकड्यातुकड्यांनीच जुळवावी लागते.

त्यातला पहिला तुकडाच दुःखाचा आहे. तिचे वडील हेन्री क्वाइनर १८४५ साली मिशिगन सरोवरावरील जहाजाच्या दुर्घटनेत गेले. कॅरोलाईन तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती. आई शार्लोट लहान लहान मुले घेऊन मागे उरली. चार वर्षांनी, १८४९ मध्ये, तिने फ्रेडरिक हॉलब्रूक नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केले आणि मुलांना पुन्हा घराचा आधार मिळाला. कॅरोलाईन शिकली आणि लग्नापूर्वी काही काळ तिने शाळेत शिकवलेही.

सोयरिकीची तिहेरी गाठ

विस्कॉन्सिनमधील कॉन्कॉर्ड या खेड्यात क्वाइनर आणि इंगल्स ही कुटुंबे शेजारी राहत. तिथल्या विवाहांच्या नोंदी पाहिल्या की मराठी वाचकाला साटेलोट्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कॅरोलाईनचा भाऊ हेन्री याने चार्ल्सच्या बहिणीशी, पॉलीशी लग्न केले. १ फेब्रुवारी १८६० रोजी कॅरोलाईन आणि चार्ल्स विवाहबद्ध झाले. पुढच्या वर्षी कॅरोलाईनची बहीण एलायझा आणि चार्ल्सचा भाऊ पीटर यांचे लग्न लागले. एका घरची तीन भावंडे दुसऱ्या घरच्या तीन भावंडांना दिलेली!

हे नाते कळले की पुढच्या वीस वर्षांतील भटकंतीचा अर्थ लागतो. हे कुटुंब जिथे जिथे गेले, तिथे तिथे कुणी ना कुणी मामा, आत्या, काका किंवा मावशी आगेमागे होतीच. १८६२ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धातील शायलोच्या लढाईत जखमी होऊन कॅरोलाईनचा भाऊ जोसेफ मरण पावला. त्यानंतरच्या वर्षी चार्ल्स आणि मेहुणा हेन्री यांनी मिळून पेपिन गावाजवळ १६० एकर रानाची जमीन खरेदी केली.

पेपिन हे मिसिसिपी नदीच्या काठचे टुमदार गाव. इथे नदीचे पात्र इतके रुंदावते की त्याला सरोवरच म्हणतात. गावापासून सुमारे सात मैलांवर, लॉराचा जन्म झाला त्या जागी, ओंडक्यांची एक खोपटी उभी आहे. ती मूळची नव्हे, नंतर बांधलेली प्रतिकृती आहे. भोवतीचे घनदाट अरण्यही केव्हाच शेतात बदलले. मेरीचा जन्म जानेवारी १८६५ चा आणि लॉराचा ७ फेब्रुवारी १८६७ चा.

जमीन कोणाची?

१८६८ मध्ये हे बिऱ्हाड हलले. पेपिनची जमीन विकली, ती हप्त्यांनी. आधी मिसुरीत जमीन घेतली आणि तिथून पुढे छत घातलेल्या घोडागाडीने १८६९ मध्ये कॅन्सास गाठले. लॉराच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाची, ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ची, ही भूमी. पुस्तकात हे घर इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे. त्यामुळे नेमकी जागा बराच काळ सापडत नव्हती. अखेर एका स्थानिक संशोधक महिलेने १८७० च्या जनगणनेतील शेजाऱ्यांची नावे घेऊन ती जमिनीच्या नोंदींशी एकेक ताडून पाहिली आणि जागा निश्चित केली. ती गावापासून जेमतेम तेरा मैलांवर निघाली. हाताने खणलेली एक जुनी विहीरही तिथे आढळली. चूक लॉराची तरी कशी म्हणावी? कॅन्सास सोडले तेव्हा ती चार वर्षांची होती. तिने लिहिले ते आईबापांच्या तोंडून ऐकलेले.

जनगणनेच्या त्याच पानांतून पुस्तकातली आणखी एक व्यक्ती बाहेर येते. मलेरियाने फणफणलेल्या कुटुंबाला औषध देणारे कृष्णवर्णीय डॉक्टर टॅन हे कल्पनेतले पात्र नव्हते. डॉ. जॉर्ज टॅन खरोखरच इंगल्सांचे शेजारी होते. १९०९ साली ते वारले. इंडिपेंडन्सच्या दफनभूमीत त्यांचे थडगे आहे.

या घराण्यापेक्षाही मोठी गोष्ट त्या पानावर आहे. जमिनीच्या किमतीचा रकाना तिथे रिकामा आहे. ही भूमी ओसेज लोकांची असून वसाहतवाल्यांकडे तिची मालकी नाही, अशा अर्थाची टीप प्रगणकाने लिहून ठेवली आहे. चार्ल्स आणि त्याचे शेजारी दुसऱ्याच्या जमिनीवर बेकायदा येऊन बसले होते. जुलै १८७० मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ओसेज लोकांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्याचे ठरवले आणि त्यांची जमीन एकरी सव्वा डॉलरने विक्रीला काढली.

पुस्तकात मात्र सैनिक येऊन हुसकावणार या भीतीने इंगल्स कुटुंब निघून जाते. कागद वेगळेच सांगतात. पेपिनची जमीन घेणाऱ्याला हप्ते झेपेनात, म्हणून ती परत घ्यावी लागली आणि १८७१ मध्ये कुटुंब तिथे परतले. निर्वासित झाले ते ओसेज. मूळ रहिवाशांचे या पुस्तकांतील चित्रण अनेकांना खुपते. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१८ साली लॉराच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार दुसऱ्या नावाने देण्याचे ठरवले ते याच कारणासाठी.

कॅरोलाईनच्या दृष्टीने कॅन्सासची मुख्य आठवण निराळीच असणार. ३ ऑगस्ट १८७० रोजी, माहेरपासून शेकडो मैल दूर, तिथे तिचे तिसरे बाळंतपण झाले. कॅरीच्या जन्माची ही नोंद कुटुंबाच्या बायबलमध्ये आहे. पुस्तकात मात्र कॅरी तान्ही असतानाच गाडीतून कॅन्सासला येते. कथेच्या सोयीसाठी लेखिकेने आईचे एक आख्खे बाळंतपण गाळले.

पुस्तकात नसलेला मुलगा

मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह येथे, प्लम क्रीक या ओढ्याच्या काठी, जमिनीत एक खोलगट जागा दिसते. १८७४ मध्ये इंगल्स कुटुंब इथे दरडीत खोदलेल्या घरात राहायला आले. छप्पर गवताचे, भिंती मातीच्या. ते केव्हाच खचले. उरला तो हा खड्डा. उन्हाळ्यात त्याच्याभोवती रानगवत डोलत असते.

त्या वर्षांत या भागावर रॉकी पर्वताकडील टोळांची धाड मागून धाड येत होती. उभा गहू डोळ्यांदेखत नाहीसा होई. पुस्तकात या टोळधाडीचे अंगावर काटा आणणारे वर्णन आहे. पण काउंटीच्या दप्तरातला एक कागद त्याहून बोलका आहे. सरकारी मदत हवी असेल तर आपण पूर्णपणे निष्कांचन आहोत असे शेतकऱ्याला शपथेवर लिहून द्यावे लागे. नोव्हेंबर १८७५ अखेर चार्ल्स इंगल्सने तसे लिहून दिले आणि पिठाची दोन अर्धी पिंपे पदरात घेतली. स्वाभिमानी बाप कुणापुढे हात पसरत नाही, असे पुस्तकातून मनावर ठसते. या कागदाबद्दल पुस्तकात एक अक्षर नाही.

तारीख मात्र ध्यानात घ्यायला हवी. त्याच महिन्याच्या १ तारखेला कॅरोलाईनला मुलगा झाला होता. तीन मुलींनंतरचा हा एकुलता एक मुलगा. नाव ठेवले चार्ल्स फ्रेडरिक, घरात फ्रेडी. पहिले नाव बापाचे. दुसरे, कॅरोलाईनच्या सावत्र वडिलांचेही तेच होते. घरात पीठ नाही आणि आई ओली बाळंतीण, असा तो महिना होता.

पुढच्या वर्षी शेत विकून कुटुंब पूर्वेकडे निघाले. वाटेत साउथ ट्रॉय येथे पीटरकाका आणि एलायझामावशीकडे मुक्काम असताना २७ ऑगस्ट १८७६ रोजी फ्रेडी गेला. त्याला दहावा महिना चालू होता. त्याच्या थडग्याचा ठावठिकाणा आजवर लागलेला नाही. तिथून कुटुंब आयोवातील बर ओक या खेड्यात गेले आणि एका हॉटेलात राबू लागले. ती इमारत आजही उभी आहे. लॉराच्या बालपणीच्या घरांपैकी मूळ जागेवर टिकलेली ही एकमेव वास्तू. इथेच मे १८७७ मध्ये धाकटी ग्रेस जन्मली.

लॉराच्या पुस्तकांत फ्रेडी नाही आणि बर ओकही नाही. दोन पुस्तकांच्या मधली ही वर्षे तिने गाळून टाकली. १९३० मध्ये मोठ्यांसाठी लिहिलेल्या ‘पायोनियर गर्ल’ या आत्मकथनात मात्र भावाच्या मृत्यूचा उल्लेख आहे. ते हस्तलिखित टिपांसह छापून आले २०१४ साली. आईच्या या दुःखाची लॉराने केलेली नोंद टिपांसह छापून यायला आईच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षे लागली.

मेरीचे डोळे

१८७९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मेरी आंधळी झाली. पुस्तकात कारण दिले आहे स्कार्लेट फीव्हर. काही डॉक्टरांनी लॉराचे लिखाण, स्थानिक वर्तमानपत्रांतील बातम्या आणि अंधशाळेची नोंदवही यांची सांगड घालून या आजाराचा पुन्हा विचार केला. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा, की मेंदू आणि त्याच्या आवरणांना विषाणूंमुळे आलेली सूज हे कारण अधिक संभवते. शेजारपाजारच्या बातम्या छापणाऱ्या खेड्यातील वर्तमानपत्राचे एक जुने सदर सव्वाशेहून अधिक वर्षांनी रोगनिदानाच्या कामी आले.

१८८१ च्या नोव्हेंबरात मेरी आयोवातील व्हिंटन येथील अंधशाळेत दाखल झाली आणि १८८९ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडली. डाकोटा प्रदेशात अशी शाळा नव्हती, म्हणून खर्चाचा भार प्रदेशाच्या सरकारने उचलला. त्या काळी गरीब शेतकऱ्याच्या अंध मुलीला सात-आठ वर्षे शिकू देणे ही साधी गोष्ट नव्हती. पूर्वाश्रमीची शिक्षिका असलेल्या आईचा त्यामागचा आग्रह कुठल्या नोंदवहीत सापडत नाही, पण शाळेच्या पटावरील मुलीच्या नावातून तो डोकावतो.

एकशे साठ एकर

आता पुन्हा डी स्मेट. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळे. अट एकच : पाच वर्षे तिथे राहून ती कसून दाखवायची. चार्ल्सने फेब्रुवारी १८८० मध्ये ब्रुकिंग्ज येथील कचेरीत अर्ज केला. त्या वर्षीचा हिवाळा भयंकर ठरला. हिमवादळांनी आगगाड्या महिनोन् महिने बंद पडल्या आणि सारे गाव उपासमारीच्या काठावर आले. त्यातून तरून कुटुंबाने १८८६ मध्ये जमिनीवरचा हक्क सिद्ध केला. घर कसे आहे, कुटुंबात कोण कोण, किती जमीन नांगरली, हे सारे सांगणारे साक्षीपुरावे अशा फायलींत असतात. आपल्याकडच्या सातबाऱ्याला आणि पंचनाम्याला एकत्र बांधावे, तसा हा प्रकार. चार्ल्सची फाईल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहे.

अर्ज मात्र नवऱ्याच्याच नावाचा. एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीला किंवा विधवेला असा अर्ज करता येई, नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला नाही. कॅरोलाईनचे सारे कष्ट त्या फाईलमध्ये ‘पत्नी’ या एका शब्दात मावतात. पुढच्या पिढीत चित्र पालटले. १९०७ च्या सुमारास, अविवाहित असलेल्या कॅरीने साउथ डाकोटाच्या पश्चिम भागात स्वतःच्या नावावर होमस्टेड घेतले!

चार्ल्सने लावलेली कॉटनवुडची झाडे त्या शेतावर आजही सळसळतात. पुढे कुटुंब गावात राहायला आले. १८८७ मध्ये चार्ल्सने बांधलेले थर्ड स्ट्रीटवरील घर पर्यटकांना पाहता येते. १९०२ मध्ये तो गेल्यावर कॅरोलाईन बावीस वर्षे मेरीला सांभाळत याच घरात राहिली.

आगीत गेलेली वह्या आणि उरलेले मार्ग

या कुटुंबाचा माग काढताना १८९० ची जनगणना हाती येत नाही. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारी इमारतीला आग लागली आणि त्या वर्षीच्या बहुतेक सगळ्या वह्या आगीने आणि पाण्याने निकामी झाल्या. अशा वेळी शोधणारे चर्चच्या नोंदी, गावची वर्तमानपत्रे, जमिनीची खरेदीखते आणि थडग्यांवरचे लेख यांचा आधार घेतात. नियम साधा आहे : स्वतःपासून सुरुवात करून मागे जायचे, एका पुराव्याला दुसऱ्या पुराव्याची साक्ष घ्यायची आणि शेजाऱ्यांची नावेही टिपून ठेवायची. जनगणनेतील व्यक्तिगत माहिती बहात्तर वर्षे गुप्त राहते. त्यामुळे १९५० च्या वह्या २०२२ मध्ये खुल्या झाल्या.

युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे मॉर्मन पंथीयांनी १८९४ मध्ये वंशावळींसाठी संस्था स्थापन केली. जगभरातून जमवलेल्या नोंदींची सुमारे चोवीस लाख मायक्रोफिल्म रिळे त्यांनी २०२१ पर्यंत संगणकात उतरवली. त्यांत हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या बाडात आजोबा-पणजोबांची सही शोधणाऱ्या मराठी माणसाला ही धडपड परकी वाटण्याचे कारण नाही.

विचारायचे राहून गेले

१९०२ मध्ये वडिलांच्या अखेरच्या आजारात लॉरा डी स्मेटला आली होती. त्यानंतर मायलेकींची भेट झाली नाही. मिसुरीतील शेती, पैशांची चणचण आणि मधले अंतर. २० एप्रिल १९२४ रोजी कॅरोलाईन गेली, तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती.

पुढच्या वर्षी, जून १९२५ मध्ये, लॉराने आपल्या मार्थामावशीला पत्र लिहिले. आई आणि तुम्ही सारी भावंडे लहानपणी कशी राहत होता, काय खात होता, कुठल्या शाळेत जात होता, ते आठवेल तसे कळवा, अशी तिने विनवणी केली. म्हाताऱ्या मावशीने लांबलचक उत्तरे पाठवली. क्वाइनर भावंडांच्या बालपणाविषयी आज जे माहीत आहे, त्यातले बरेचसे या उत्तरांतून आलेले आहे.

वह्यांतून जन्माची तारीख मिळते, एकरांचा आकडा मिळतो, मृत्यूचे गाव मिळते. बुडालेल्या बापाची वाट पाहणाऱ्या घरात त्या हिवाळ्यात काय शिजत होते, ते मात्र जिवंत माणसालाच विचारावे लागते. लॉराला विचारायला निदान एक मावशी उरली होती.

प्रवासाला निघण्यापूर्वी

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात या भागात कडाक्याची थंडी आणि हिमवादळे असतात, बरीच स्थळे बंदही राहतात. मिनिॲपोलिस येथे उतरून मोटारीने पेपिन दीड-दोन तासांत गाठता येते. वॉलनट ग्रोव्ह आणि डी स्मेट ही दोन्ही गावे चौदा क्रमांकाच्या महामार्गावर आहेत. बर ओक हे आयोवाच्या उत्तर सीमेलगत, डेकोरा शहराजवळ आहे. कॅन्सासचे स्थळ मात्र बरेच दक्षिणेला असल्याने त्यासाठी वेगळे दिवस काढावेत. सार्वजनिक वाहने जवळजवळ नाहीत, मोटार भाड्याने घ्यावी लागते.